गाडी चौकटीवर घ्या

"ओ भाऊ, गाडी जरा पुढं घ्या की. त्या चौकटीवर घ्या."

योगेंद्रने स्कूटरवरूनच मान वळवली. रस्त्याच्या कडेला पांडेसऱ्याच्या कापड-कारखान्यांतून सुटलेल्या बायका उभ्या होत्या, हातात डब्यांच्या पिशव्या, आणि बोलणारीचे हात मनगटापर्यंत राणी रंगाचे. बोलण्यावरून मराठवाड्याकडची असावी. शनिवारची उतरती उन्हं होती, समोरचा दिवा लाल होता, म्हणून तो थोडा अलीकडेच, एका जाहिरातीच्या फळीच्या सावलीत थांबला होता. तो नुसता बघत राहिला तेव्हा बाईला वाटलं याला काही कळलं नाही, आणि तिने लहान मुलाला सांगावं तसं बोट दाखवून सांगितलं, "ते डांबरात काळी रेघ हाये ना चौकोनी, तिच्यावर गाडी आली की हिरवं होतं. आमाला ते बघतच न्हाई. गाडीलाच बघतं." बाकीच्या बायका हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नळाला पाणी कधी येतं हे सांगावं तसं ती सांगत होती. योगेंद्रने पायाने रेटत स्कूटर पुढे घेतली. चाकं काळ्या रेघेवर आली, थोडा वेळ गेला आणि दिवा हिरवा झाला. पदर खोचून बायका पळाल्या. चालल्या नाहीत, पळाल्या. डब्यातले चमचे वाजत गेले. राणी हातांची बाई पळता पळता मागे वळून ओरडली, "लई उपकार झाले भाऊ!" योगेंद्र तिथेच राहिला. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा दाबून धरला आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, ऊंघी गया के?" तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता. चौकटीवर स्कूटर तशीच उभी होती, त्यामुळे यंत्राने इमानेइतबारे योगेंद्रला आणखी एकदा मोजलं.

ती चौकट त्याने स्वतः उभं राहून कापून घेतली होती. करवतीचं गोल पातं डांबरात शिरताना जो आवाज निघाला तो त्याच्या दातांत अजून होता. त्या खाचेत तार घातली, वर काळा रस ओतला, आणि रस्त्याखाली एक डोळा झोपवला. वरून लोखंड गेलं की त्याला कळायचं. प्लेगनंतर सगळ्या सुरतेलाच कुणीतरी खसाखसा घासून काढायला घेतलं होतं, रस्ते रुंद होत होते, टपऱ्या उठत होत्या, आणि त्याच झपाट्यात कॉलेजातल्या वशीसाहेबांना हे संशोधनाचं काम मिळालं होतं: गर्दी पाहून स्वतः ठरवणारा सिग्नल. ज्या बाजूला गाड्या असतील तिकडे वेळ द्यायचा, नसतील तिकडे उगाच हिरवा कशाला दाखवायचा? साधी गोष्ट होती, आणि साधी म्हणूनच सुंदर वाटायची. साहेबांच्या हाताखाली योगेंद्र त्या दिवसांत वेड्यासारखा राबला. वशीसाहेब वाईट नव्हते. ते त्याला स्वतःच्या डब्यातलं खमण द्यायचे आणि कौतुकाने "मारो खानदेशी" म्हणायचे. पुढे एका गुजराती पेपरात फोटो आला, 'विचार करणारा सिग्नल' असा मथळा होता, फोटोत साहेब मध्यभागी होते आणि कडेला योगेंद्रचा एक कान आला होता. त्याच्या आईने, सरलाबाईने, तो कान ओळखला. फोटो कापून तिने देवाजवळ लावला आणि आल्यागेल्याला कान दाखवू लागली.

मगन असता तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक. मगन म्हणजे योगेंद्रचा बाप, अमळनेरकडून आलेला, पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवून रंगवून छातीतून गेलेला. आयुष्यभर सायकलने गेला-आला. कामाच्या पहिल्या दिवसांत योगेंद्र वाहनं मोजायला या चौकात उभा राही, तेव्हा त्याला सायकलवरच्या प्रत्येक माणसाची पाठ बापाची वाटायची. मोजायची रीत ठरलेली होती. मोटार म्हणजे एक. ट्रक म्हणजे तीन. सायकल म्हणजे अर्धी. पायी चालणाऱ्याला किती धरायचं, हे त्या रीतीत कुठे नव्हतंच. तो मोजायच्या गर्दीत नव्हता, मोजणीत येणारा अडथळा होता. आपला बाप अर्धा आणि आई शून्य, असं मनात येऊन योगेंद्रला एकदा हसू आलं होतं. तेव्हा हसू यायचं. कारण त्याच्या पहिल्या आराखड्यात चालणाऱ्यांची सोय होती. खांबावर एक बटण होतं आणि ते दाबलं की पायी जाणाऱ्यांसाठी पुरेसा वेळ होता. पुरेसा म्हणजे किती हे त्याने आईच्या चालीवरून धरलं होतं. गल्लीत सरलाबाई पाण्याचा हंडा घेऊन यायची, तो ओट्यावर घड्याळ घेऊन बसायचा, आणि ती विचारायची, "काय देखस रे असा?" बसचीही सोय होती, बस आली तर तिला आधी सोडायचं, असं त्या यंत्रात पक्कं बसवलं होतं. फक्त आडव्या रस्त्यावरच्या डिंडोलीला, जिथे तो राहायचा, बस येत नव्हती. लोक शटल रिक्षात कोंबून जायचे आणि बाया चालत जायच्या. न येणाऱ्या बसची वाट बघणारं यंत्र त्या दोघांनी मिळून तयार केलं होतं, आणि आराखड्यातलं ते पान पाहुण्यांना फार आवडायचं.

मग साहेबांनी हिशेब पाहिला. चालणाऱ्यांना एवढा वेळ दिला तर मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांची खोटी होत होती आणि सुधारणा डोळ्यांत भरण्याजोगी दिसत नव्हती. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "अरे भाई, चालनारो तो चालशे ज ने. एने कोण रोके छे?" खरंच होतं ते. सुरतेत पायी माणसाला कुठल्या दिव्याने कधी अडवलंय? तो हात दाखवतो, ट्रकच्या तोंडाला हात लावतो आणि जातो. योगेंद्रने बटण काढलं. वेळ काढला. रबराने खोडताना कागदाला भोक पडू नये एवढी काळजी मात्र घेतली.

आता तो स्कूटर कडेला लावून खांबाला टेकला होता आणि त्या बायका पलीकडच्या वळणावर दिसेनाशा झाल्या होत्या. घरी जायला पाय निघत नव्हता. उद्या रविवार, कानबाई देवी बसायची. परवा सोमवारी सकाळी तिला खाडीवर विसर्जनाला न्यायची. श्रावणातला हा रविवार जवळ आला की डिंडोलीतल्या खानदेशी गल्ल्यांना ऊत येतो, भिंती रंगतात, चक्कीवाले चक्की धुऊन आधी रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं, दळण दळून देतात, भाऊबंद गोळा होतात. आणि गेल्या वर्षीच्या सोमवारपासून योगेंद्रला श्रावण नकोसा झाला होता.

गेल्या वर्षी त्या सोमवारी सकाळी अहमदाबादहून पाहुणे येणार होते. त्यांना सिग्नल चालताना दाखवायचा होता, आणि त्यांना तो पटला तर पुढे सगळ्या शहरात तसेच बसणार होते. दिवस साहेबांनी ठरवला. त्या दिवशी कानबाईचं विसर्जन असतं, अख्खी डिंडोली हा रस्ता ओलांडते, हे योगेंद्रला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. कानबाई म्हणजे काय हे साहेबांना समजावून सांगायची त्याला लाज वाटली. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, साडी नेसवून आमच्या बाया तिला डोक्यावर मिरवतात, वाटेत तिला जमिनीवर टेकवत नाहीत, हे साहेबांच्या त्या गारेगार खोलीत कुठल्या भाषेत सांगायचं? त्याऐवजी तो घरी गेला आणि भाऊबंदांना म्हणाला, "उद्या चौकात मोठी माणसं असतील. लाल असला तर थांबा. हिरवा झाला की मगच या. चार लोकांत आपलं नाक कापलं जायला नको." ढोल वाजवणारा निंबाकाका छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुना सिग्नल म्हणजे आम्हना घरना सिग्नल. आम्ही थांबसूत ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. जन्मात कुठल्या दिव्यासाठी न थांबलेली माणसं दुसऱ्या दिवशी थांबायला तयार झाली, ती केवळ तो दिवा मगनच्या पोराचा होता म्हणून. सरलाबाईचा तर नवसच होता. पोराला कॉलेजात नोकरी लागली म्हणून ती कानबाई बसवत होती आणि स्वतःच्या डोक्यावरून नेणार होती.

आणि ते थांबले. योगेंद्र पलीकडच्या बाजूला, यंत्राच्या पेटीजवळ, पाहुण्यांबरोबर उभा होता. समोर डिंडोलीच्या तोंडाशी ढोल वाजत आला, बाया फुगड्या घालत आल्या, आणि लाल दिवा पाहून सगळ्या जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी त्याच्याकडे हात हलवला. त्याने हलवला नाही, पण त्याला बरं वाटलं. हे खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं. पाहुणे म्हणाले, वा, शिस्त आहे. मग वेळ जाऊ लागला. ट्रकमागून ट्रक जात राहिले आणि लाल काही बदलेना. सगळा विचार केलेल्या योगेंद्रने एवढाच विचार केला नव्हता, की मिरवणुकीने आडवा रस्ता भरून गेला की रिक्षा-मोटारी तिच्या मागे अडकतील, चौकटीवर नुसत्या बाया उभ्या राहतील, आणि बायांत लोखंड नसतं. पेटीवरच्या छोट्या पडद्यावर त्या बाजूला थांबलेल्यांचा आकडा दिसत होता आणि तो शून्य होता. समोर अख्खी डिंडोली उभी होती आणि यंत्र सांगत होतं, तिथे कुणी नाही. मोठ्या रस्त्यावरच्या वाहतुकीला एकदाही थांबावं लागलं नव्हतं. साहेब खुलले होते. ढोल थकून बंद पडला. सरलाबाईच्या डोक्यावर पाट होता, पाटावर कानबाई, मान ताठ, आणि घाम डोळ्यांत जात असूनही पुसायला हात मोकळा नव्हता. योगेंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "सर, पेटीची चावी द्या. एकदा हाताने हिरवा करतो." साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ऊभो रहे ने भाई, रीडिंग बगडी जशे." तो उभा राहिला. चावी नसली तरी त्याला दोन हात होते. एक हात वर करून नुसतं "या!" म्हटलं असतं तर ते आले असते, नेहमीसारखे, ट्रकना हात दाखवत. पण पाहुण्यांसमोर स्वतःच्याच सिग्नलचा लाल मोडायला स्वतःच्याच माणसांना कसं सांगणार? त्याचा हात खिशातच राहिला.

मागे एक दूधवाला मोटरसायकलवर अडकून कटकट करत होता. योगेंद्रची धाकटी बहीण नूतन हिने बायांना बाजूला सारून त्याला वाट करून दिली, बिचाऱ्याचं दूध नासायला नको म्हणून. मोटरसायकल पुढे आली, चौकटीवर उभी राहिली आणि दिवा हिरवा झाला. "व्हयना रे, हिरवा व्हयना!" निंबाकाका ओरडला. ढोल पुन्हा सुरू झाला आणि सगळे निघाले. यंत्राने मात्र एका मोटरसायकलला लागतो तेवढाच वेळ दिला होता. पुढच्या बाया नाचत अलीकडे आल्या, मधल्या मध्येच असताना लाल झाला, आणि सकाळपासून एकदाही न थांबलेले ट्रक जरा खोळंबले होते ते निघाले. ज्यांना पळता आलं ते पळाले. सरलाबाई पळाली नाही. देवी डोक्यावर असताना पळतं का कुणी? ती रस्त्याच्या मधोमध तिच्या चालीने चालत राहिली आणि मग चालणंही जमेना म्हणून उभी राहिली. नूतन तोवर अलीकडे पोचली होती, योगेंद्रपासून हाकेवर. तिने मागे पाहिलं आणि परत फिरली. आईच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. समोरून येणारा टेम्पोवाला जोरात नव्हता. त्याने दाबलाही असावा ब्रेक. पुढचं चाक नूतनच्या पावलावर चढलं आणि तिथेच थांबलं. सरलाबाईचे दोन्ही हात वर पाटाला धरलेले होते, त्यामुळे पडणाऱ्या पोरीला धरायला तिच्याकडे हात नव्हता. कानबाई पडली नाही. योगेंद्र धावला, हे खरं आहे. पण धावण्याआधी त्याच्या कानावर एका पाहुण्याचं वाक्य पडलं, आणि ते ऐकून घ्यायला लागला एवढा वेळ तो उभा होता. पाहुणे म्हणाले होते, "इन लोगों को ट्रैफिक सेन्स ही नहीं है."

इस्पितळात नूतनचं अर्धं पाऊल काढलं. नंदुरबारला तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती कुणी मोडली नाही, नुसती पुढे बोलायचीच बंद झाली. साडीच्या कारखान्यातलं काम गेलं. साहेबांनी फळं पाठवली. सिग्नलची तारीफ झाली, कारण आकड्यांत ट्रकांचा थांबण्याचा वेळ खरोखरच कमी झाला होता. आकड्यांत पाऊल कुठे मांडतात? योगेंद्र कॉलेजात कायम झाला. आणि सरलाबाईने इस्पितळाच्या जिन्यावर बसून एकच वाक्य धरलं ते आजतागायत सोडलं नव्हतं. "म्हनाच पाय जड. बठ्ठ्या पयन्यात, मीच पयनू नही." सगळ्या पळाल्या, तीच तेवढी पळाली नाही, एवढंच तिचं म्हणणं. भाऊबंदांतल्या पार्वतीकाकूने त्यात भर घातली, की देवीचं वजन सरलाबाईला पेललं नाही, काहीतरी उणं राहिलं असणार. यंदा कानबाई पार्वतीकाकूच्या डोक्यावरून जायची ठरली होती. वर्षभर सरलाबाईच्या पायात चप्पल नव्हती. मे महिन्यात डांबर पातळ झालं तेव्हाही नव्हती, पावसात कारखान्यांचं रंगीत पाणी गल्लीतून वाहिलं तेव्हाही ती त्यातून अनवाणी गेली, आणि तिच्या टाचांच्या भेगांत निळा रंग जाऊन बसला. ज्या पायांनी घात केला त्यांना चप्पल कशाला, असं ती शांतपणे म्हणायची. यात तुझा काही दोष नाही, असं योगेंद्र तिला कितीदा म्हणाला होता. नुसतं तेवढंच. का नाही, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं म्हणजे देवाजवळ चिकटवलेला तो कान आधी उपटून काढायला हवा होता.

त्या शनिवारी तो घरी आला तेव्हा सरलाबाई रोटाचं धान्य काढत बसली होती. धुतलेल्या ओट्यावर नवं सूप, सुपात गहू. रोटाला धान्य घ्यायचं ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, एकेका नावाला सव्वा मूठ. मगन होता तेव्हा दोन नावं होती. आता सरलाबाईने डोळे मिटून "योगेंद्र" म्हटलं, एक मूठ टाकली, वर पाव मूठ आणखी टाकली आणि झालं. खोलीच्या कोपऱ्यात नूतन पाय लांब करून बसली होती, मांडीवर साड्यांचा ढीग, हातात छोटी कात्री. साडीच्या मागचे लोंबणारे धागे कापायचं काम ती आता घरी करायची. तिने मान वर न करता म्हटलं, "भाऊ, तुझा सिग्नल आणि मायची मूठ एकसारखीच बघ. मी दोघांना पण दिसत नाही."

"गप बठ," सरलाबाई म्हणाली. "देवीनं काम शे."

"मी कुठे काय बोलले? बाईमाणूस आहे, चालनारी आहे. आता तर चालनारी पण अर्धीच." नूतन हसली. ती गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत कशीही उड्या मारायची. एका पायाने उड्या मारायला काय लागतं, असं तिनेच एकदा म्हटलं होतं, आणि तेव्हा योगेंद्र ताटावरून उठून गेला होता.

सरलाबाई दळण घेऊन चक्कीवर गेली. अनवाणी पावलांचा आवाज गल्लीत लांब जाईपर्यंत नूतनने कात्री थांबवली. मग म्हणाली, "सच बोलू भाऊ? मला पायाचं एवढं नाही. पायाचं झालं ते झालं. पण ती रोज रात्री माझे पाय दाबते आणि माफी मागते रे. माझी! ते मला सहन नाही होत. सगळ्या डिंडोलीला ठाऊक आहे तो दिवा गाडीच बघतो. पोरंटोरं पण गाडी आणतात चौकटीवर. मी मायला सांगितलं, तर म्हणते, पाय गेला म्हणून तू भावावर राग काढतेस. तुझ्या तोंडून ऐकेल ती. तू सांग."

"सांगतो."

"केव्हापासून सांगतोयस."

"उद्या सकाळी सांगतो. तिथेच नेऊन दाखवतो. दिवा तिच्यासाठी हिरवा होत नाही हे डोळ्यांनी बघितलं की पटेल."

"आणि मग सोमवारी कानबाई तिच्याच डोक्यावर द्यायची," नूतन म्हणाली. "मी पार्वतीकाकूशी भांडेन. तू फक्त तिला चप्पल घालायला लाव." तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी मागणं होतं. योगेंद्रने मान हलवली. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचाच राग आला.

रविवारी सकाळी नारळ-खण आणायच्या निमित्ताने त्याने आईला बरोबर घेतलं. बाजार पलीकडे होता. वर्षभर सरलाबाई त्या चौकात आली नव्हती. लांबच्या वाटेने, खाडीच्या कडेने जायची. स्कूटर नको, चालतच जाऊ, असं तो म्हणाला तेव्हा तिला नवल वाटलं, पण ती निघाली. रविवार असल्याने आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मोठ्या रस्त्यावर मात्र ट्रकांची रांग रोजच्यासारखीच धावत होती. दोघं कडेला येऊन उभी राहिली. दिवा लाल होता. सरलाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि दिव्याकडे पाहिलं, जरा भीतभीत, जरा ओळखीचं माणूस भेटावं तसं.

"माय, आता बघ. आपण इथेच उभं राहायचं."

"हां."

उभी राहिली. ट्रक गेले. आणखी गेले. लाल तसाच. यंत्राने असंच आंधळं राहावं, आपल्या आईला अजिबात बघू नये, अशी योगेंद्र मनातून विनवणी करत होता.

"माय, हा होणार नाही हिरवा."

"व्हई. थांब जरासा."

"नाही होणार. तू संध्याकाळपर्यंत उभी राहिलीस तरी नाही होणार. त्याला माणूस दिसत नाही. गाडी दिसते. मी चालणाऱ्यांसाठी वेळ ठेवला होता, तो मीच काढून टाकला. साहेबांनी सांगितलं आणि मी काढला. गेल्या वर्षी तुम्ही सगळे उभे होतात आणि याला कुणी दिसत नव्हतं. तुझा पाय जड नव्हता माय. तुझ्या पायाला पुरेल एवढा वेळच मी ठेवला नव्हता."

शेवटी बोलला. वर्षभर जे सांगायचं राहिलं होतं ते एवढंसं होतं. सरलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने दिव्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग पुन्हा दिव्याकडे. ती काहीतरी जुळवत होती हे त्याला स्पष्ट दिसलं. आता एवढंच हवं होतं की लाल आणखी थोडा वेळ लाल राहावा.

मागून शटल रिक्षा खडखडत आली आणि त्यांच्या शेजारी, बरोबर चौकटीवर थांबली. ड्रायव्हरने तंबाखू थुंकली. दिवा हिरवा झाला.

"देख!" सरलाबाई एकदम ओरडली. तिचा सगळा चेहरा उजळला. "देख, व्हयना ना! उगाच आपला सोताले नावं ठेवस. तुनाच जीव उतावळा. तुना हातनं काम शे ते, कसं चुकी?"

"माय, ती रिक्षा..."

"चाल, चाल लवकर!" तिने त्याचं मनगट पकडलं आणि ती पळत सुटली. साठीला आलेली बाई, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत उचलून, निळ्या भेगांच्या अनवाणी टाचा डांबरावर आपटत पळत होती, आणि योगेंद्र तिच्या मागे ओढला जात होता. दोघं रस्त्याच्या मधेच होती तेव्हा दिवा बदलला. ट्रकांचे भोंगे वाजले. ती थांबली नाही. पलीकडच्या कडेला पोचून तिने खांबाला हात टेकला, धापा टाकत वळून पाहिलं आणि हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

"देख, पोची गवू," ती म्हणाली. "जमस माले. मांगला साले अशीच पयतू ना, ते नूतनना पाय वाची जाता." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि खूप दिवसांचं ओझं उतरल्यासारखी म्हणाली, "पार्वतीले सांगी दे, उद्या कानबाई मीच लिसू डोकावर. देवीले सांगसू, माय, आते पयत जानं पडस, रागावू नको."

बाजार समोर होता, पण सरलाबाई तिकडे वळली नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले, तिथे पाट असावा तसे धरले, मान ताठ केली आणि पुन्हा डिंडोलीकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"चाल," ती म्हणाली, "आखीन एकदाव पयी देखूत."

दिवा लाल होता. दोघं एखादी गाडी यायची वाट बघत उभी राहिली.